जलधनिया : नावातच गुन्हेगार

आज एका बदनाम फुलाची गोष्ट.

थंडी सरत आली, गंगेचं पाणी मागे हटलं, की बनारसकडच्या ओल्या गाळात एक हिरवंगार रोप दिसतं. पोकळ देठ, चिमुकली पिवळी फुलं. पानं कोथिंबिरीसारखी, म्हणून हिंदीत नाव जलधनिया. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुडायला हात पुढे गेलाच होता. सोबतच्या नावाड्याने अडवलं, "हाथ जल जाएगा."

त्याचं खरं होतं. पान चुरडलं की त्यातून प्रोटोअ‍ॅनेमोनिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि कातडीवर फोड उठतात. वाळल्यावर हा दाहकपणा बराचसा जातो. कूळ बचनागाचं, पण आपली कलौंजीही त्याच कुळातली, तेव्हा कुळावर जाऊ नये!

१७५३ साली लिनियसने आपल्या ग्रंथात याचं नाव छापलं : रॅनन्क्युलस स्केलेराटस. स्केलेराटस म्हणजे पापी, गुन्हेगार. युरोपात वैद्य दुखऱ्या जागी फोड आणायला अशा वनस्पती वापरत. भिकारी मात्र हाच पाला अंगाला चोळून जखमा करून घेत, लोकांना दया यावी म्हणून. पोटासाठी स्वतःची कातडी जाळणारा माणूस आणि पापी ठरलं रोप. मला हे नाव पटत नाही.

याच्यावर आणखी एक जुना आळ आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी पॉसेनियस सांगतो, की सार्डिनिया बेटावर झऱ्यांकाठी सेलरीसारखी एक वनस्पती उगवते. ती खाणारे हसत हसत मरतात. छद्मी हसण्याला इंग्रजीत 'सार्डोनिक' म्हणतात, तो शब्द या बेटाशी जोडला जातो. सेलरीसारखं पान, पाणथळ जागा, विष : संशय जलधनियावर आला आणि शतकानुशतकं टिकला. पण हिच्या रसाने तोंड भाजतं, चेहरा हसरा होत नाही. २००९ साली इटालियन संशोधकांनी सार्डिनियातल्याच ओनॅन्थे फिस्टुलोसा या पाणवनस्पतीकडे बोट दाखवलं. तिच्या विषाने चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आणि ती खरोखरच सेलरी-कोथिंबिरीच्या कुळातली आहे.

तुमच्यापैकी काहींनी विचारलंय, चामखिळीवर हा पाला लावू का? जुन्या काळी लावत असत. तुम्ही लावू नका. चामखीळ राहील आणि भोवतालची कातडी सोलून निघेल. नदीकाठी कोथिंबिरीसारखं काही दिसलं, तर आधी तिथल्या नावाड्याला विचारा.