चाक, फळी आणि बाईचा उन्हाळा



आजची गोष्ट खेळाची आहे, पण ती कबड्डी-खोखोची नाही. अमेरिकेत आणि युरोपात जून ते ऑगस्ट हा उन्हाळा असतो. आपल्याकडे तेव्हा आषाढ-श्रावण, भात लावणीची नाहीतर खुरपणीची घाई. तिकडे त्या तीन महिन्यांत काही बाया दोन गोष्टी घेऊन घराबाहेर पडतात. एक म्हणजे डोंगरात चालवायची जाड चाकांची सायकल, तिला माउंटन बाइक म्हणतात. दुसरी म्हणजे पाण्यावर तरंगणारी लांब फळी, पॅडलबोर्ड. त्या फळीवर उभं राहायचं आणि लांब वल्ह्यानं पाणी मागे सारत पुढे जायचं. कोणी शंभर मैल सायकल मारते, कोणी समुद्राची खाडी ओलांडते. या खेळाला दमाचा खेळ म्हणतात. यात वेगापेक्षा टिकून राहण्याला किंमत.

या बाया त्या डोंगरावर आणि त्या पाण्यावर पोचल्या कशा, हे आम्ही आज सांगणार आहोत. कारण ही वाट त्यांना कोणी आयती दिलेली नाही.

आधी सायकल. १८९० च्या दशकात दोन्ही चाकं सारखी असलेली, हवेच्या टायरची सायकल सगळीकडे झाली आणि बायांनी ती हातात घेतली. लगेच आरडाओरडा सुरू झाला. काही डॉक्टर सांगू लागले की सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा ताणलेला, डोळे बाहेर आलेले असा होतो. या न झालेल्या आजाराला त्यांनी 'सायकलचा चेहरा' असं नावही दिलं. मूल होणार नाही अशीही भीती घातली. खरी अडचण वेगळीच होती. त्या काळी तिकडच्या बायांचे घागरे पायघोळ आणि जड, ते चाकात अडकायचे. मग बायांनी सैल विजार घालायला सुरुवात केली. विजार घातली म्हणून रस्त्यात लोक ओरडायचे. म्हणजे भांडण सायकलीचं कमी आणि कपड्यांचं, बाहेर पडण्याचं जास्त होतं.

त्याच काळात, जून १८९४ मध्ये, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातून ॲनी कोपचोव्हस्की नावाची बाई सायकलीवर जग फिरायला निघाली. तिला तीन मुलं होती. निघण्याआधी तिनं सायकल जेमतेम चालवली होती. पैसे उभे करायला तिनं एका पाण्याच्या कंपनीची पाटी सायकलीला लावली, त्या कंपनीचं 'लंडनडेरी' हे नाव स्वतःला जोडून घेतलं आणि त्याचे शंभर डॉलर घेतले. सुरुवातीला घागरा घालून, सुमारे १९ किलोची सायकल ओढत ती शिकागोपर्यंत गेली. तिथं तिनं दोन्ही बदललं. विजार घातली आणि जवळपास निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली. पुढचा बराच प्रवास तिनं बोटीनं केला आणि सांगितलेल्या गोष्टींत मीठमसालाही पुष्कळ घातला. पण पंधरा महिन्यांनी ती परत आली ती नाव कमावून. १८९५ साली बाईनं एकटीनं इतकं फिरून यावं, हेच लोकांना पचत नव्हतं.

आता डोंगरातली सायकल. हिचा जन्म फार जुना नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगरावर काही तरुण मंडळी भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या वाटेनं सुसाट खाली उतरायची. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी रीतसर शर्यत लावली. उतारावर ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा. त्या पुरुषांच्या घोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाई होती. ती सायकलही चालवायची आणि कॅमेराही. आज त्या दिवसांचे जे फोटो पाहायला मिळतात, त्यातले कितीतरी तिनं काढलेले आहेत. तिनं कॅमेरा नेला नसता तर या खेळाच्या सुरुवातीचा मोठा पुरावाच राहिला नसता.

पुढे जॅकी फेलन आली. १९८३ पासून सलग तीन वर्षं ती अमेरिकेची विजेती झाली. तिनं बायांची एक मंडळी काढली, नाव ठेवलं बायांची डोंगरसायकल आणि चहा मंडळी. आधी सायकल, मग चहा. हरायची भीती नाही, हसायला कोणी नाही, नवीन बाईला जुनी बाई शिकवणार. आपल्या गटाच्या बैठकीला बसणाऱ्या बाईला यातलं बळ वेगळं सांगायला नको.

या खेळाचं एक वेगळेपण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑलिम्पिकमध्ये बायांना दमाच्या खेळांपासून फार वर्षं लांब ठेवलं. १९२८ साली बायांची ८०० मीटरची धावण्याची शर्यत झाली. धावून दमलेल्या बाया पाहून वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद राहिली. पुरुष १८९६ पासून मॅरेथॉन धावत होते, बायांना ती मिळाली १९८४ मध्ये. पण डोंगरसायकल १९९६ साली ऑलिम्पिकमध्ये आली ती पहिल्याच दिवसापासून पुरुष आणि बाया दोघांसाठी. बायांचं पहिलं सुवर्णपदक इटलीच्या पाओला पेझोनं घेतलं. खेळ नवा होता, जुने नियम त्याला अजून चिकटले नव्हते.

आता फळीकडे येऊ. फळीवर उभं राहून लाट पकडायची कला हवाई बेटांवरची, फार जुनी. तिथं राजघराण्यातल्या बायाही लाटांवर जायच्या आणि साध्या घरातल्याही. १८२० पासून परदेशी धर्मप्रचारक आले, बाहेरच्या रोगांनी माणसं भराभर मेली, जमिनी गेल्या, आणि हा खेळ जवळजवळ विझला. विसाव्या शतकात तो पुन्हा उभा राहिला. वाइकिकीच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना लाटा शिकवणारे लोक होडीचं वल्हं हातात घेऊन फळीवर उभे राहायचे. उभं राहिलं की लांबचं दिसतं आणि पाण्यातल्या पाहुण्यांवर लक्ष ठेवता येतं. आजचा उभ्याचा पॅडलबोर्ड तिथून आला.

मोलोकाई आणि ओआहू या दोन बेटांमधली खाडी उग्र आहे. वारा, उलटसुलट प्रवाह, उंच लाटा. १९५२ पासून पुरुष तिथं वल्ह्याच्या होड्यांची शर्यत लावत होते. बायांना मात्र सांगितलं जाई की ही खाडी तुमच्या आवाक्यातली नाही. १९७५ मध्ये बायांच्या दोन चमूंनी वाद घालणं सोडलं आणि सरळ खाडी ओलांडून दाखवली. त्यानंतर १९७९ मध्ये बायांची रीतसर शर्यत सुरू झाली. म्हणजे त्याच पाण्यात उतरायला बायांना २७ वर्षं जास्त लागली. १९९७ पासून त्याच खाडीत फळ्यांची शर्यतही होते. ३२ मैल, म्हणजे सुमारे ५१ किलोमीटर. ती जुलैमध्ये असते आणि तिथं बाया उतरतात.

डोंगरातली अशीच नावाजलेली शर्यत कोलोरॅडो राज्यात, लेडव्हिल या गावी ऑगस्टमध्ये होते. हे खाणकामगारांचं गाव, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच. १९८२ मध्ये जवळची मोठी खाण बंद पडली आणि घरोघरी चुली थंड होण्याची वेळ आली. तेव्हा केन क्लाउबर या खाणकामगारानं १९८३ मध्ये शंभर मैल धावण्याची शर्यत सुरू केली. एवढ्या उंचीवर माणसं मरतील असं लोक म्हणाले. पण लोक आले, गावात मुक्काम केला, जेवले, पैसे खर्चून गेले. १९९४ पासून तिथं शंभर मैलांची सायकल शर्यतही सुरू झाली. अर्ध्या वाटेवर एका जुन्या खाणीपर्यंत, ३,७०० मीटरच्याही वर चढायचं आणि आल्या वाटेनं परतायचं. बारा तासांत आलात तर पट्ट्याचं बक्कल मिळतं.

२००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षं ही शर्यत बायांमध्ये रिबेका रश हिनं जिंकली. पहिल्यांदा जिंकली तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. तिचे वडील व्हिएतनाम युद्धात, ती लहान असताना, १९७२ मध्ये विमान पडून गेले. २०१५ मध्ये तिनं व्हिएतनामच्या सायकलपटू हुयेन न्गुयेन हिला सोबत घेतलं आणि जंगलातल्या जुन्या युद्धवाटेनं सायकल चालवत ती वडिलांचं विमान पडलं होतं तिथं, लाओस देशात पोचली. एका देशाची लेक आणि समोरच्या देशाची लेक, दोघी एका वाटेवर. त्या जमिनीत न फुटलेले बॉम्ब आजही आहेत. ते काढण्याच्या कामासाठी रिबेका तेव्हापासून पैसे उभे करते.

दमाच्या खेळात आणखी एक गोष्ट दिसून आली आहे. अंतर जितकं लांब, तितका बाई-पुरुषातला फरक कमी होत जातो. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहून गेली, तेव्हा तिनं आधीच्या पुरुषांच्या विक्रमापेक्षा जवळपास दोन तास कमी घेतले. २०१६ मध्ये लेल विल्कॉक्सनं अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून जिंकली. २०१९ मध्ये जर्मनीच्या फियोना कोल्बिंगरनं बल्गेरिया ते फ्रान्स, सुमारे ४,००० किलोमीटर, दहा दिवसांत पार केले आणि सगळ्यांत पहिली आली. अशा शर्यतीत झोप किती घ्यायची, कधी खायचं, पाय दुखले तर कुठं थांबायचं, हे ज्याला नीट जमतं तो पुढे जातो.

आपल्याकडच्याही बाया यात आहेत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये, विशीत असताना, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारली. वाटेत स्पेनमध्ये चोरट्यांनी तिला चाकूच्या धाकानं लुटलं, तरी तिनं फेरी पुरी केली. पुण्याच्याच प्रीती म्हस्के, दोन मुलांची आई, २०२२ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी लेहहून मनालीला ४३० किलोमीटर, हिमालयातले घाट चढत, ५५ तास १३ मिनिटांत पोचल्या.

हे ऐकून तुमच्यातली एखादी म्हणेल, "आम्ही रोज दोन हंडे घेऊन चढ चढतो, आमची शर्यत कोण लावणार?" हे बोलणं खरं आहे. पण डोक्यावरचा हंडा आणि शर्यत यांत फरक आहे. शर्यतीतली बाई वर्षभर आधी तयारी करते, वेळेवर खाते, रात्री झोपते आणि नको वाटलं तर त्या दिवशी थांबते. हंड्याच्या वाटेवर हे काहीच नसतं. त्यामुळे हंड्याचं कौतुक करून आपण समाधान मानू नये. नळ दारात यावा आणि वाचलेला वेळ बाईच्या हातात राहावा, ही मागणी पहिली. या सगळ्या इतिहासात बायांनी जे मिळवलं ते पदकाआधी हेच आहे: स्वतःचा वेळ, सोयीचे कपडे आणि एकटीनं लांब जाण्याची मोकळीक.

हे गावातही होऊ शकतं. १९९१ नंतर तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेसोबत हजारो बाया सायकल शिकल्या. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका. बायांच्या सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून त्याच जास्त आवडल्या. बाजाराला, पाण्याला, कामाला जायला बसची वाट पाहणं संपलं.

आपल्या कितीतरी मुलींना शाळेसाठी सरकारी योजनेतून सायकल मिळाली आहे. सुट्टीत ती भिंतीला टेकून उभी असते. पुढच्या बैठकीत हिशोब झाला की अर्धा तास काढा. मुलीनं शिकवावं, आईनं शिकावं, बाकीच्यांनी मागून कॅरिअर धरावं. साडी आवरत नसेल तर सलवार घाला, कोणी काही बोललं तर १८९५ सालच्या विजारीची गोष्ट सांगा. आणि ज्यांच्या गावाला नदी, तळं किंवा धरण आहे, त्यांनी मुलींना पोहायला शिकवायची सोय कुठं होईल तेही त्याच बैठकीत ठरवा. शिकवणारं जाणतं माणूस हवं आणि शिकताना काठावर दोरी हवी.

किती जणी शिकल्या ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात तुमच्या गावाचं नाव घेऊ.