‘पूर्वीचं बरं होतं’ : या वाक्याचं संशोधनात काय करायचं?



पेटचा निकाल लागला की संशोधन आराखडा लिहायची घाई सुरू होते. ग्रामीण इतिहासावरच्या आराखड्यांचा पहिला परिच्छेद बऱ्याचदा एकाच साच्यातून निघालेला असतो. पूर्वी खेडी स्वयंपूर्ण होती, माणसं समाधानी होती, मग इंग्रज आले, बाजार आला आणि घडी विस्कटली. ज्युनियर मित्रांचे आराखडे वाचताना हा परिच्छेद मला सारखा भेटतो. व्हायवाला बसलेले सर किंवा मॅडम तिथेच पेन ठेवतात आणि विचारतात, “पूर्वी म्हणजे कधी?” पुढे शांतता.

तर आज या ‘पूर्वी’वर बोलू. पूर्वीचं जगणं खरंच बरं होतं का, हा प्रश्न आहेच. पण तुम्हाला संशोधन करायचं आहे, त्यामुळे या वाक्याकडे बघायचं कसं, हेही शिकायला हवं.

आधी शब्दाची गोष्ट

मराठीत आपण ज्याला स्मरणरंजन म्हणतो, त्यासाठीचा ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आला आहे. १६८८ साली बाझल इथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं तो घडवला. ग्रीक ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. मुलखापासून लांब राहणाऱ्या स्विस लोकांना जडणाऱ्या दुखण्याला त्यानं हे नाव दिलं. म्हणजे तो चक्क आजार होता, आणि त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे रुग्णाला घरी पाठवणं.

पुढे हा शब्द जागेवरून काळावर सरकला. इथेच आपली अडचण सुरू होते. गावाला परत जाता येतं. एसटी पकडली की झालं. गेलेल्या काळात परत जाऊन ‘खरंच बरं होतं का’ हे कुणालाच बघून येता येत नाही. मग हाती उरतात ती कागदपत्रं आणि आठवणी. दोन्ही वाचायची एक रीत असते.

एक गाव घेऊ : पिंपळे सौदागर

आज पिंपळे सौदागर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उंच सोसायट्या आणि आयटीतली मंडळी येतील. शंभर वर्षांपूर्वी हे पुण्याजवळचं साधं शेतकरी गाव होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ मध्ये ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे पुस्तक काढलं. भारतातल्या ग्रामसर्वेक्षणांच्या परंपरेत ते फार सुरुवातीचं आणि महत्त्वाचं मानलं जातं. ग्रामीण इतिहासावर काम करणार असाल, तर ते वाचाच.

मॅन यांनी १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. निव्वळ शेतीवर नीट भागतंय अशी कुटुंबं निघाली ८. शेतीला बाहेरच्या कामाची जोड देऊन भागवणारी २८. उरलेली ६७ कुटुंबं, म्हणजे सुमारे ६५ टक्के, सगळी मिळकत धरूनही तुटीत होती. जमीन १५६ मालकांच्या नावावर ७२९ तुकड्यांत विभागली होती, आणि त्यातले ४६३ तुकडे एका एकरापेक्षा लहान होते.

म्हणजे ज्या काळाला आपले पणजोबा ‘आमचा काळ’ म्हणाले असते, त्या काळात पुण्याच्या वेशीवरचं गाव स्वयंपूर्ण वगैरे नव्हतं. ते बाहेरच्या मजुरीवर आणि कर्जावर तगून होतं.

पण थांबा, याच पुस्तकात उलट बाजूनं वापरता येईल असा आकडाही आहे. मॅन यांनी जुनी दप्तरं पाहून सांगितलं की या गावात १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. आता कुणी म्हणेल, बघा, पेशवाईतच बरं होतं! असा आकडा दिसला की लगेच वहीत उतरवून मोकळं व्हायचं नाही. ही सरासरी कुणाची आहे? ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांची. ज्याच्याकडे जमीनच नाही, तो माणूस या भागाकारात कुठेच नाही. सरासरी ४० ची असो की ७ ची, त्याचा आकडा शून्यच.

सुवर्णकाळ मागे सरकत जातो

१९१५ मध्ये बरं नव्हतं, तर त्याआधी असेल? चला, मागे जाऊ. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकाना-घरांवर चाल केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. कर्जखतं हिसकावून जाळणं हा त्यांचा मुख्य उद्देश होता. समाधानी गावात कर्जखतांच्या होळ्या होत नाहीत.

मग अजून मागे, पेशवाईत? १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी ही मुलगी मातंग समाजातली. बाजीरावाचं राज्य जाऊन तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती, म्हणजे तिच्या आजूबाजूला तो काळ पाहिलेली माणसं होती. त्या राज्यात आपल्या लोकांना काय सोसावं लागलं, हे ती या निबंधात लिहिते. तिच्या लेखनात ‘पूर्वीचं बरं होतं’ असा सूर शोधूनही सापडत नाही.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या पुस्तकात इंग्लंडच्या खेड्यांबद्दल हेच दाखवलं आहे. प्रत्येक पिढी म्हणते की जुनं, चांगलं खेडं नुकतंच, आमच्या लहानपणापर्यंत होतं. त्या लहानपणाच्या काळातले लेखक उघडावेत, तर तेही आपल्या लहानपणाकडेच बोट दाखवतात. असं करत करत माणूस मागेच जात राहतो.

जे उरले, त्यांचीच साक्ष

आठवणींबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आठवण सांगायला माणूस जिवंत राहावा लागतो.

१९११ ते १९२१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान सुमारे २० वर्षं होतं. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ याच दशकातली. १९५१ च्या सुमारास ते ३२ च्या आसपास आलं, आज ७० च्या घरात आहे. याचा अर्थ तेव्हा सगळे विशीत मरत होते असा नाही. खूप मुलं पहिल्या काही वर्षांतच दगावायची, त्यानं सरासरी खाली यायची. जी मुलं त्यातून तरली, त्यातली बरीच म्हातारी झाली, आणि आपल्याला गोष्टी त्यांनीच सांगितल्या.

माझ्या फील्डवर्कमध्ये एक आजी म्हणाल्या, “तेव्हाची माणसं लोखंडासारखी. दवाखाना ठाऊक नव्हता.” मी वहीत लिहिलं. मग नेहमीच्या यादीतला प्रश्न विचारला, “भावंडं किती?” “आठ.” जरा थांबून म्हणाल्या, “वाढलो तिघं.”

आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या ओळखीची म्हातारी माणसं खरंच काटक होती. न वाढलेल्या पाच भावंडांचा मात्र त्या ‘माणसं’ या शब्दात समावेश नव्हता. मौखिक इतिहासाची मुलाखत घेताना मोठ्या प्रश्नांपेक्षा असले बारके, मोजता येणारे प्रश्न जास्त काही देऊन जातात. भावंडं किती, पाणी कोण आणायचं, घरात शेवटी कोण जेवायचं. मॅन यांच्या तक्त्यातही शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही बरं का. तिथे ‘कुटुंब’ हे एकक आहे, आणि कुटुंबाच्या आत कुणाच्या ताटात किती पडलं ते त्यात दिसत नाही.

मग सगळं स्मरणरंजन थोतांड?

इथपर्यंत वाचून काहींना वाटेल, सापडलं! स्मरणरंजन म्हणजे भ्रम, आपलं काम तो फोडणं. एवढ्या लवकर निकाल देऊ नका.

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ काढा. पेशवाईबद्दल फुल्यांच्या मनात तिळभर माया नव्हती. तरीही या पुस्तकात ते एका ‘पूर्वी’बद्दल हळहळतात. ज्यांची शेती पोटापुरती नव्हती, ते गोरगरीब शेतकरी आसपासच्या रानातली फळं, फुलं, पानं, लाकूडफाटा यांवर आणि गायरानात चार जनावरं पाळून दिवस काढत. सरकारच्या जंगल खात्यानं ते रान बंद केलं आणि हा आधार गेला, असं त्यांचं म्हणणं. १८७८ चा वनकायदा तेव्हा ताजा होता.

आराखड्यातला ‘पूर्वी’ आणि फुल्यांचा ‘पूर्वी’ यांत फरक बघा. फुले सगळं बरं होतं असं म्हणत नाहीत. कुणाचं गेलं, काय गेलं, कधी गेलं आणि कुणी नेलं, हे चारही ते सांगतात. असं विधान दप्तरात जाऊन तपासता येतं. आणि त्यामागे खरं नुकसान असतं.

म्हणून ‘पूर्वीचं बरं होतं’ हे वाक्य जसंच्या तसं स्वीकारलं, तर मुक्ता साळवे इतिहासातून गळून पडते. ते हसून उडवून लावलं, तर गायरान गमावलेला शेतकरी गळून पडतो. दोन्ही वेळा नुकसान त्याच माणसांचं होतं, ज्यांच्याबद्दल कागद आधीच कमी आहेत. संशोधक म्हणून आपली जबाबदारी इथे आहे.

आराखड्यात हे कसं उतरवायचं?

‘पूर्वी’ हा शब्द दिसला की स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. कुणाचं बरं होतं? जात, लिंग, जमीन, वय, सगळं धरून उत्तर द्या.

२. कधी? निदान दशक सांगता आलं पाहिजे.

३. कशाच्या मापानं? धान्य, मजुरी, आयुर्मान, कर्ज, हक्क, की माणसांचा सहवास? एका मापानं बरं आणि दुसऱ्यानं वाईट, असं एकाच वेळी असू शकतं.

४. हे कोण, आज का सांगतंय? विकासकाला जमीन विकलेला माणूस जुन्या गावाबद्दल बोलतो, तेव्हा तो बहुतेक वेळा आजच्या एखाद्या तुटलेपणाबद्दल बोलत असतो. ती आठवण १९६० सालासाठी कच्चा पुरावा असेल, पण आजच्या काळासाठी पक्का पुरावा आहे.

आता मूळ वाक्य बदलून पाहू. ‘पूर्वी खेडी स्वयंपूर्ण होती’ याऐवजी ‘१८७८ च्या वनकायद्यानंतरच्या वीस वर्षांत मावळातल्या अल्पभूधारकांच्या चराईच्या वापरात काय बदल झाला?’ असा प्रश्न ठेवा. लगेच साधनं दिसायला लागतात. महसुली आकारणीचे अहवाल, जंगल खात्याचे वार्षिक अहवाल, पुणे अभिलेखागारातली दप्तरं, जनगणनेचे खंड, त्या काळची वृत्तपत्रं. व्हायवाला ‘पूर्वी म्हणजे कधी’ असं विचारलं, तर तुमच्याकडे सालासकट उत्तर असेल.

या आठवड्यात एक करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा, ‘तुमच्या वेळी कसं होतं’ हे विचारा आणि मध्ये न तोडता ऐकून घ्या. मग भावंडं किती होती, ते विचारा. दोन्ही उत्तरं एकाच पानावर, तारीख घालून लिहून ठेवा. त्यातलं कुठलंही खोडू नका.