साताऱ्यातला देवाचा दरबार

महाबळेश्वरचा गार वारा खाऊन आपण केळघरच्या घाटाने साताऱ्यास उतराल, तेव्हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण ठेवा. 1861 साली कोकणात करजगावी जन्मलेल्या या कवीने 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागेच राहिल्या. लोक त्या दिवसाला परिवर्तन म्हणतात. मला ते 22 वर्षांनी झालेले दिसते. धर्म बदलला खरा. पण मिशनचे काम, पगार, कवी म्हणून नाव, हे सारे होतेच की!

1917 साली त्यांनी पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताचा भक्त तिथे भाऊच. बायकामुलांना टाकून वनात जाणारा हा संन्यास नव्हे. मग पगार नाही आणि प्रपंच तर आहे. चूल कुणी पेटवायची? 1900 साली स्वतः बाप्तिस्मा घेतलेल्या लक्ष्मीबाईंनी! पुरुषाच्या त्यागाचा हिशेब मांडताना हा आकडा आपण नेहमी गाळतो.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.