मुंबईतील घरमालक, मध्यस्थ आणि भाडेकरूची निवड

भाडेकरू स्वतः शोधावा व पारखावा, की ते काम मध्यस्थावर सोपवावे, हा घरमालकापुढील प्रश्न वरवर पाहता सोयीचा व खर्चाचा वाटतो. मुंबई शहराच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात मात्र या प्रश्नाचे स्वरूप अधिक गंभीर असल्याचे दिसून येते. अपरिचित माणसाविषयीची माहिती कोणाजवळ आहे आणि निवड चुकल्यास तिचे मोल कोणी द्यावयाचे, या दोन गोष्टींवर मालकाचा निर्णय अवलंबून राहिला. चुकीचे हे मोल कायद्याने वेळोवेळी बदलले आणि त्याबरोबर मध्यस्थाचे रूपही पालटले.

१८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लक्ष २२ हजार होती. १९२१ मध्ये ती पावणेबारा लक्षांवर गेली. मधल्या काळात, १८९६ मध्ये, प्लेगची साथ उद्भवली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. तरीही १९२१ च्या जनगणनेच्या वेळी शहरातील सुमारे दोन तृतीयांश लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. गिरणगावातील चाळींचे बहुसंख्य भाडेकरू कोकण व घाटावरून आलेले असत. त्यांपैकी कोण नियमित भाडे देईल आणि कोण सुगीसाठी गावी जाऊन परतणार नाही, हे दूर राहणाऱ्या चाळमालकास कळण्याचा मार्ग नव्हता. पुण्यातील वाड्याचा मालक बहुधा वाड्यातच राहत असे. बिऱ्हाडकरूशी रोजचा संबंध येणार असल्याने तो त्याची चौकशी स्वतः करी. अनेक खोल्यांच्या चाळीच्या मालकास ते शक्य नव्हते.

या उणिवेतून मध्यस्थांची एक साखळीच निर्माण झाली. काही मालक संपूर्ण चाळ मक्त्याने देत. मक्तेदार मालकास ठरलेली रक्कम भरी आणि खोल्या आपल्या जबाबदारीवर भाड्याने लावी. काही मालक भाडेवसुलीसाठी पगारी माणूस ठेवीत. गिरणीतील मुकादम आपल्या हाताखालच्या कामगारांना खोली मिळवून देई, तर वाणी उधारीच्या खात्यावरून माणसाची पत जाणून असे. ज्यास खोली मिळाली तोही पोटभाडेकरू ठेवून भाड्याचा भार हलका करी. अशा रीतीने निवड मालकाच्या हातून निसटून वस्तीतच होऊ लागली. मालकास पारख मिळाली. परंतु तिची किंमत भाडेकरूने मोजली. ज्या मुकादमाने नोकरी दिली त्यानेच निवाराही दिला असेल, तर त्याच्याशी मतभेद होताच दोन्ही गमावण्याची भीती असे. येथे मध्यस्थी ही केवळ सेवा राहत नाही, ती सत्ता बनते.

मध्यस्थास टाळणारा दुसरा मार्ग ज्ञातिसंस्थांनी व ग्रामसंस्थांनी काढला. गोमंतकीय ख्रिस्ती लोकांच्या ‘कूड’ या संस्थांत आपापल्या गावच्या माणसास आसरा मिळे. पारशी धर्मादाय संस्थांच्या वसाहतींत निवड विश्वस्त करीत. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहसंस्थेने तर मालक आणि भाडेकरू हा भेदच सहकाराने मिटवू पाहिला. या व्यवस्थांत दलाली नव्हती व फसवणुकीचा धोकाही कमी होता. तथापि ज्याची ओळख पटत नाही, त्याला तेथे दार बंदच राहिले. उलटपक्षी, १९२० मध्ये स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. सरकार हाच मालक असूनही त्या दशकात यांतील अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडे, अंतर व गैरसोयी ही त्याची प्रमुख कारणे होत. केवळ खोल्या बांधल्याने भाडेकरू येत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

मूलगामी बदल घडविला तो १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सामान्यतः प्रमाण मानले गेले आणि ते नियमित देणाऱ्या भाडेकरूस कायद्यात नमूद केलेल्या कारणांवाचून काढता येईनासे झाले. तोपर्यंत निवड चुकली तर मालकाचे काही महिन्यांचे भाडे बुडे. आता चूक पिढ्यानुपिढ्या निस्तरावी लागणार होती. शहर बेटाची लोकसंख्या १९४१ मधील सुमारे १५ लक्षांवरून १९५१ मध्ये २३ लक्षांवर गेली, त्या काळात हे घडले, हे लक्षात घेतले पाहिजे. निवडीचा क्षणच निर्णायक ठरल्यामुळे त्या क्षणाचीच किंमत आकारली जाऊ लागली. तीच पागडी होय. कायद्याने ती निषिद्ध असल्याने व्यवहार गुप्त राहिला आणि गुप्त व्यवहारास विश्वासू दलाल आवश्यक झाला. पूर्वीचा मध्यस्थ भाडेकरूच्या चारित्र्याची ग्वाही देई. हा नवा मध्यस्थ त्याच्या पैशाची देऊ लागला.

कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा आश्रय घेतला. परंतु १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यानंतर घर देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे अनेकांस शहाणपणाचे वाटले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरविली. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने मुदत संपलेल्या परवानाधारकाकडून घर परत मिळविण्याचा शीघ्र मार्ग दिला, करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि पागडीसही वैधता दिली. चुकीचे मोल पुन्हा उतरले. त्यामुळे मालकास अनामत रक्कम, नोंदणीकृत करार व पोलिसांकडील नोंद यांच्या आधारे स्वतः भाडेकरू ठेवणे सुकर झाले.

तरीही दलाल नाहीसा झालेला नाही. कागदपत्रांनी माणसाचे उत्पन्न कळते. पण मालकास ज्याचा धर्म, जात वा आहार नको असतो, त्याला ‘जागा गेली’ असे सांगण्याचे अप्रिय काम बहुधा मध्यस्थच करतो. म्हणून मध्यस्थ गेला की अन्याय जाईल, ही अपेक्षा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. मुकादमाची साखळी माणसास बांधून ठेवी, ज्ञातीची ओळख परक्यास वगळी आणि पागडी निर्धनास. पद्धती बदलल्या, अनिश्चिततेचा भार मात्र प्रत्येक वेळी शहरात नव्याने आलेल्या, ओळख नसलेल्या माणसाच्याच माथी आला. मुंबईच्या गृहप्रश्नाचा अभ्यास घरांच्या संख्येवरच थांबला, तर दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी नाही, हा त्याचा अर्धा भाग अलिखितच राहील.