दुसऱ्याच्या पापासाठी उपास

मार्गशीर्षातल्या मोक्षदा एकादशीच्या कथेत वैखानस राजाला स्वप्नात आपले वडील नरकात खितपत पडलेले दिसतात. पर्वत मुनींच्या सांगण्यावरून राजा एकादशी करतो, तिचं पुण्य वडिलांच्या नावे सोडतो आणि त्यांची सुटका होते. भाद्रपदातल्या इंदिरा एकादशीची कथाही याच वळणाची. दुसऱ्याला क्षमा मिळावी म्हणून आपण उपाशी राहायचं, ही रीत आपल्याकडे एवढी जुनी आहे. मात्र या कथांत उपास करणारा स्वतः निर्दोष असतो, तो फक्त पुण्य देतो. विसाव्या शतकात या रीतीला नवं वळण मिळालं. उपास करणारा दुसऱ्याच्या पापात स्वतःचा वाटा मानू लागला. माझ्या मते या रीतीचं खरं नैतिक बळ इथूनच सुरू होतं.

1913 साली दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमात दोघांचं नैतिक पतन झालं, तेव्हा गांधीजींनी सात दिवस उपास केला आणि साडेचार महिने एकभुक्त राहण्याचं व्रत घेतलं. शिष्याच्या चुकीला काही अंशी तरी गुरू जबाबदार असतो, हे त्यामागचं कारण. फेब्रुवारी 1922 मध्ये चौरीचौरा इथे जमावाने पोलीस ठाणं पेटवून पोलिसांना ठार मारलं. गांधीजींनी बार्डोलीत पाच दिवसांचा उपास केला आणि असहकाराचं आंदोलन थांबवलं. लोकांना चळवळीत आपण उतरवलं, तेव्हा त्यांच्या हातून झालेल्या हत्येतून आपली सुटका नाही, असा त्यांचा हिशेब होता.

महाराष्ट्रात हीच वाट साने गुरुजींनी धरली. मे 1947 मध्ये विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी पंढरपुरात केलेलं उपोषण मागणीसाठी होतं. पुढच्याच वर्षी, गांधीहत्येनंतर, त्यांनी एकवीस दिवस उपास केला तो प्रायश्चित्त म्हणून. त्यात कुणाकडे काही मागणं नव्हतं. मारेकरी महाराष्ट्राचा होता. ज्या समाजात ते विष पोसलं गेलं त्या समाजाचे आपणही घटक आहोत, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

यावर एक आक्षेप असा की उपोषण म्हणजे दुसऱ्याच्या मानेवर ठेवलेली सुरी. 1932 साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात केलेल्या उपोषणाबद्दल डॉ. आंबेडकरांची तक्रार नेमकी हीच होती, आणि ती रास्त होती. गांधीजींच्या प्राणांचं ओझं त्यांच्यावर येऊन पडलं होतं. पण जिथे मागणीच नाही, तिथे नमायचं कुणी आणि कशापुढे? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्याचं कर्म त्याने भोगावं. दुसरा उपाशी राहिला तर गुन्हेगाराला आयतीच मोकळीक मिळते. याचं उत्तर चौरीचौऱ्यातच आहे. गांधीजींनी गुन्हेगारांच्या वतीने माफी मागून प्रकरण मिटवलं नाही. दोषी असलेल्यांनी आपणहून सरकारच्या स्वाधीन व्हावं आणि गुन्हा कबूल करावा, असं त्यांनी लिहिलं. उपासाने शिक्षा टळत नव्हती, उलट ज्यांच्यावर कायदा बोट ठेवू शकत नाही त्यांनाही जबाबदारीच्या कक्षेत ओढलं जात होतं.

म्हणून दुसऱ्यासाठी केलेला उपास पारखायचा असेल तर एकच प्रश्न विचारावा: यात उपास करणाऱ्याने स्वतःचा दोष किती मान्य केला? तो मान्य केला नसेल, तर ते प्रायश्चित्त नव्हे.