तळटीप : सीए-१२५

* सीए-१२५ : रक्तात मोजता येणारे प्रथिन. रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींपासून ओसी-१२५ हे प्रतिपिंड तयार केले; त्याने पकडलेल्या प्रथिनाचे हे नाव. रूढ मर्यादा मिलिलिटरला ३५ युनिट. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, हा समज घरोघरी आहे आणि त्याने बायकांचे फार हाल होतात. पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड यांतही तो वाढतो. आपल्याकडे पोटाचा क्षय विसरून चालणार नाही : पोटात पाणी, आकडा शेकड्यांत, चित्र हुबेहूब कर्करोगाचे, आणि रोग मात्र औषधांनी बरा होणारा. उलट, अंडाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यातल्या सुमारे निम्म्या रुग्णांत आकडा वाढतच नाही. खात्रीचे निदान तुकड्याच्या तपासणीतून होते. या कर्करोगाच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात काचपट्टीवर डब्ल्यूटी-१ या प्रथिनासाठी रंग दिला की गाठीतल्या पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात. पी-५३ हे प्रथिन एकतर गडद उमटते किंवा साफ नाहीसे असते. उपचारांचा गुण पाहायला सीए-१२५ उपयोगी आहेच. पण ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०२१) सरसकट तपासणीने मृत्यू घटले नाहीत. लक्षणे नसताना, निव्वळ धास्तीपोटी ही तपासणी करून घेऊ नये. (संपा.)