दोराच्या तीन कड्या

कॉन्फरन्सच्या टी-शर्टसाठी डिझाइन स्पर्धा जाहीर झाली की काय काय येतं, ते इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा. सर्किटच्या रेषांचा मेंदू, डीएनएचा जिना, आणि बल्ब. बल्ब तर हवाच. विषय कुठला ते कळतं, पण चित्रात विषय नसतो.

डिझायनर मंडळी अशा स्पर्धांवर वैतागतात, आणि मला ते पटतं. पन्नास जणांनी फुकट राबायचं आणि एकाचं काम उचलायचं. बरं, त्यातून चांगलं ते निवडलं जातंच असंही नाही. नव्वदच्या दशकात लिनक्सच्या लोगोसाठी तीन स्पर्धा झाल्या. लॅरी युइंगचा टक्स नावाचा पेंग्विन त्यातली एकही जिंकला नाही. आज जिंकलेली चित्रं कुणाला आठवत नाहीत, आणि माझ्या लॅपटॉपवर पेंग्विन आहे.

तरीही एक स्पर्धा मला मनापासून आवडते. इंटरनॅशनल मॅथेमॅटिकल युनियन या गणितज्ञांच्या जागतिक संघटनेनं लोगोसाठी जगभरातून डिझाइनं मागवली. निकाल ऑगस्ट २००६ मध्ये माद्रिदला, त्यांच्या चार वर्षांतून एकदा भरणाऱ्या काँग्रेसमध्ये लागला. (तिथेच पेरेलमननं फील्ड्स मेडल नाकारलं, मग लोगोची बातमी कोण वाचणार!) जिंकले जॉन सलिव्हन. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतले गणिताचे प्राध्यापक.

लोगोत तीन कड्या आहेत. त्यातल्या कुठल्याही दोन एकमेकींत अडकलेल्या नाहीत, पण तिन्ही मिळून सुटत नाहीत. एक कापली की उरलेल्या दोन मोकळ्या. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या कुलचिन्हावरून यांना बोरोमियन कड्या म्हणतात. अमेरिकेत बॅलंटाइन बिअरच्या लेबलवरही त्या होत्या.

गंमत अशी की लेबलवर त्या तीन गोल वर्तुळं म्हणून दिसतात, आणि तशा त्या असूच शकत नाहीत. तीन बांगड्या घ्या, कापा, पुन्हा जोडा, लहानमोठ्या घ्या, काहीही करा. कडी जरा तरी वाकवावीच लागते. १९८७ साली मायकल फ्रीडमन आणि रिचर्ड स्कोरा यांनी हे सिद्ध केलं. म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं चित्र गणिताच्या दृष्टीनं खोटं. गणितज्ञांच्या संघटनेनं ते लावावं कसं?

सलिव्हननी ते लावलं नाही. ते आणि त्यांचे चार सहकारी तेव्हा वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. ठरावीक जाडीचा दोर घ्या आणि असा गुंता करा. शक्य तितका आवळला तर कमीत कमी किती दोर लागेल? दोन कड्यांसाठी असा प्रश्न फ्रेडरिक गेरिंगनं १९७४ मध्ये विचारला होता. बोरोमियन कड्यांसाठी आधी एक सोपं उत्तर होतं: प्रत्येक कडी वर्तुळाच्या चार कमानी जोडून बनवायची. या पाच जणांना त्याहून आखूड आकार सापडला. त्यात चारऐवजी बेचाळीस गुळगुळीत तुकडे, तेही एलिप्टिक इंटिग्रल वापरून लिहावे लागणारे. एवढं करून वाचलेला दोर किती? एक टक्कासुद्धा नाही, त्याचा छोटासा अंश. माझ्या ऑफिसात एवढ्या फायद्यासाठी कोड चौपट गुंतागुंतीचा केला तर रिव्ह्यूमध्ये धुलाई होईल. स्टिकरवर तर तो फरक भिंगातूनही दिसणार नाही.

लोगोत हाच आकार आहे.

आणि तो सर्वांत आखूड आहे, हेही सिद्ध झालेलं नव्हतं. त्यांच्या पेपरमध्ये त्याला ‘गृहीत धरलेला’ किमान आकार म्हटलंय. दोराची त्रिज्या एक सेंटिमीटर धरली तर या तीन कड्यांना मिळून सुमारे ५८ सेंटिमीटर दोर लागतो. यापेक्षा कमी लागूच शकत नाही, असं खात्रीनं सांगता येणारी मर्यादा मात्र १२ पाय, म्हणजे साधारण ३७.७ सेंटिमीटर. मधल्या वीस सेंटिमीटरचं काय करायचं?

परीक्षकांना चार कमानींचं नीटनेटकं उत्तर चाललं असतं. पिशवीवर छापल्यावर ते तंतोतंत असंच दिसलं असतं, आणि कुणी तक्रारही केली नसती. २०१० मध्ये गणितज्ञांची काँग्रेस पहिल्यांदा भारतात, हैदराबादला भरली, तेव्हा संघटना हाच लोगो घेऊन आली. दोर कमी करून दाखवायला आजही कुणी पुढे येऊ शकतं. मग लोगो बदलावा लागेल.